मानवी थांबे

१

माझी बहीण मैदानात पडली तेव्हा तिच्या अंगावर जॅकेट होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्यानंतर जो तो मला एकच ऐकवत होता, जॅकेट होतं तर गाडी थांबली का नाही? अहो, मीही तेच विचारत होते!

मैदान म्हणजे आमच्या गोदामाचा मधला भाग. चारी बाजूंनी जाळी, आणि आत नुसत्या गाड्या. बुटक्या, चपट्या, ड्रायव्हर नसलेल्या. एकेक गाडी मालाने भरलेल्या रॅकखाली शिरते, रॅक डोक्यावर घेते आणि जाळीच्या कडेला आमच्या स्टेशनपर्यंत आणून उभा करते. आम्ही त्यातला हवा तो माल काढून खोक्यात टाकायचा, की रॅक परत. पूर्वी मी इथेच फोर्कलिफ्ट चालवायचे. गाड्या आल्या, फोर्कलिफ्ट गेली, मी स्टेशन चारवर उभी राहिले. गाड्यांवर माझा राग नाही. त्या बिचाऱ्या सांगितलेलं करतात. माझा राग सांगणाऱ्यांवर आहे.

कधी रॅकवरचा माल मैदानात पडतो, आणि तो उचलायला माणूसच लागतो. आमच्या पाळीत ते काम माझ्या बहिणीचं. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणतात. जाळीच्या दाराशी खुंट्यांवर केशरी जॅकेटं टांगलेली असतात, त्यातलं सात नंबरचं तिचं, कारण बाकीची तिला गुडघ्यापर्यंत येतात. जॅकेटच्या छातीवरच्या खिशात एक डबी असते. जॅकेट खुंटीवरून काढलं की डबी जागी होते, हिरवा दिवा लागतो, आणि मग मैदानात ती जिथे जाईल तिथल्या गाड्या थांबतात. परत खुंटीला टांगलं की डबी झोपते.

गाड्या थांबल्या की त्या बाजूच्या स्टेशनला रॅक येत नाहीत. म्हणजे आम्हाला दोन घटका उसंत. तिला आम्ही सावली म्हणतो. जिच्या स्टेशनवर सावली पडेल तिने मोठ्याने ओरडायचं, "सावली!" आणि मग मान मोकळी करायची, पाणी प्यायचं, शेजारणीची टिंगल करायची. धाकटी सरकेल तशी सावली सरकते आणि ओरडाही सरकतो.

त्या दिवशी धाकटी माझ्या समोरच्या दारातून आत गेली. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि समोर रॅक येऊन उभा. तो हातावेगळा करते तोच दुसरा. हे काय, म्हणून मी मान वर केली, आणि तेवढ्यात ती किंचाळली.

मी स्टेशनवरचं लाल बटण दाबलं. भोंगा झाला, सगळ्या गाड्या थांबल्या, नव्या-जुन्या सगळ्यांना बाहेर अंगणात पिटाळण्यात आलं. मी कसली जातेय! मी आत धावले. एका गाडीने धाकटीचा पाय दुसऱ्या रॅकच्या खांबाशी चेपला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सेफ्टी मॅडम वरच्या काचेच्या खोलीतून धावत आल्या. आमच्याकडे प्रथमोपचार त्याच बघतात. "श्वास घेऊ दे तिला," म्हणत त्यांनी धाकटीचं जॅकेट काढलं, आपल्या हातावर टाकलं, आणि "स्ट्रेचर आणते" म्हणून पळाल्या. आणलंही लगेच. मी मनात म्हटलं, एक तरी माणूस कामाचं आहे इथे.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सांगितलं की अपघात धाकटीनेच घडवून आणला.

२

"हे बघा ताई, मशीन खोटं बोलत नाही," मॅनेजर म्हणाला. काचेच्या खोलीत त्याने मला मुद्दाम बोलावलं होतं. "सातच्या डबीची नोंद आहे आमच्याकडे. चालू, बंद, चालू, बंद, असा खेळ चाललाय. आणि अपघात झाला तेव्हा डबी बंद."

"अंगावर असलेली डबी बंद होईलच कशी?"

"चुंबकाने. खुंटीत चुंबक असतं, त्याने ती झोपते. तुमच्या बहिणीने खिशात चुंबक ठेवलं असणार. गाड्या थांबल्या की कामाला उशीर होतो, म्हणून ही शक्कल."

"सापडलं का चुंबक?"

"पडलं असेल कुठेतरी."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. ज्या पोरीला सावली पाडली म्हणून आम्ही सगळ्या दुवा देतो, ती सावली चोरणार? कशासाठी?

मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. धाकटीने चूक कबूल करून सही करायची. केली तर कंपनी तिचा उपचार बघणार आणि तिला सांभाळून घेणार. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरली की नोकरीही गेली आणि उपचारही गेला. पायाचं अजून एक ऑपरेशन व्हायचं होतं. ते झालं नाही तर ती कायमची लंगडणार, हे डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं होतं.

"चौकशीच होऊ दे," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे कामगारांचा एक माणूस चौकशीत बसतो ना? तो माणूस मी."

"तुम्ही तिच्या बहीण आहात."

"आणि तुम्ही कंपनीचे मॅनेजर आहात. दोघंही नात्यातलेच झालो की."

माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायका मला वकीलबाई म्हणतात. कौतुकाने म्हणतात की वैतागून, ते विचारायला मी कधी गेले नाही.

खाली उतरताना दारावरचा मोठा स्क्रीन दिसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असाच लावलाय. त्यावर 'मानवी थांबे' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा. माणसांमुळे गाड्या किती वेळा थांबल्या, तो. कमी असला की हिरवा, वाढला की लाल. अपघाताच्या दिवशी मुख्य ऑफिसातले पाहुणे तोच बघायला आले होते, आणि सकाळपासून वर काचेच्या खोलीत सेफ्टी मॅडम त्यांना आलेख दाखवत बसल्या होत्या. थांबे कमी म्हणजे गोदाम सुरक्षित, असा त्यांचा हिशोब. ज्याने हा हिशोब काढला त्याला एकदा माझ्या बहिणीचा पाय दाखवायला हवा होता.

३

हॉस्पिटलमध्ये धाकटी छताकडे बघत पडली होती. मला बघून रडली नाही, हे मला जास्त लागलं.

"ताई, मी खरंच तसं काही केलं नसेल ना?"

"काय?"

"चुंबक वगैरे. सगळेच म्हणतायत म्हणजे... मॅडम रोज येतात गं. काल फुलं आणली. त्या म्हणाल्या, सही कर, मी तुझ्या पाठीशी आहे. म्हटलं, करून टाकावी. निदान पाय तरी वाचेल."

"सही केलीस तर दुसरा पाय मी मोडेन," मी म्हटलं. ती हसली. मग रडली. मग आम्ही दोघी रडलो, आणि नर्सने येऊन दोघींना दम भरला.

नाक पुसून मी विचारलं, "आता नीट आठव. जॅकेट काढल्यापासून सांग."

"नेहमीसारखंच गं. खुंटीवरून काढलं. खिशावरच्या पारदर्शक पट्टीतून दिवा बघितला. हिरवा होता. शेजारी लाल बाण होता दिव्याकडे केलेला, म्हटलं बरं झालं, कोणीतरी खूण करून ठेवली. चेन लावली, आत गेले. शाम्पूची बाटली पडली होती ती उचलायला वाकले. एवढंच."

"दिवा नक्की हिरवा होता?"

"आपल्या आईची शपथ."

आईची शपथ धाकटी खोट्याला घेत नाही. म्हणजे दिवा हिरवा, आणि नोंद म्हणते डबी झोपलेली. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? घरी जाऊन मी भाजी करपवली, नवऱ्याचं बोलणं खाल्लं, त्याला दोन परत दिली, पण कोडं सुटेना.

४

आमचा सुपरवायझर, त्याला सगळे चल-चल म्हणतात. दुसरं काही बोलतच नाही. सावली पडली की त्याचा तिळपापड होतो. डबीत गडबड करायचं कुणाच्या मनात येईल तर ते याच्याच, असं माझं ठाम मत होतं. मी त्याला पॅकिंगच्या पट्ट्यापाशी गाठला.

"अपघाताच्या वेळी कुठे होतात तुम्ही?"

"स्टेशन एकला! आणि माझ्यावर डोळे वटारू नका. माझं स्वतःचं डोकं फिरलं होतं तेव्हा. पाहुणे वर बसलेत, नवीन पोरं हाताशी यावीत म्हणून मी त्यांचा दुसऱ्या दिवसाचा वर्ग ओढून त्या दिवशी सकाळीच लावला, मास्तरला ऐन वेळी उठवून बसवलं, आणि इकडे स्टेशन एक सारखं अडतंय. इंजिनिअरला वायरलेसवर ओरडून बोलावलं. गाड्या वाट ओळखतात त्या जमिनीवरच्या खुणांवर धूळ बसली असेल म्हणून तो स्टेशनच्या तोंडाशी त्या पुसत बसला होता माझ्यासमोर. तेवढ्यात तो भोंगा."

"अडतंय म्हणजे?"

"म्हणजे गाड्या थांबतायत! मामीला विचारा, ती तर गाणं म्हणत होती."

मामी म्हणजे स्टेशन एकवरची बाई. कोणाची मामी ते कुणालाच माहीत नाही, पण मामी. स्टेशन एक हॉलच्या पार त्या टोकाला, माझ्यापासून इतकं लांब की तिकडचा ओरडा माझ्यापर्यंत येत नाही.

"सावली ना?" मामी म्हणाली. "अगं, ये-जा चालली होती नुसती. पडायची, उठायची, परत पडायची. असं कधी होत नाही. मी म्हटलं, धाकटी आज माझ्याच अंगणात घुटमळतेय वाटतं. दिसली मात्र नाही. ती पाय चेपून पडायच्या जरा आधी सावली शेवटची उठली."

"मामी, धाकटी तर माझ्या समोरच्या दाराने आत गेली. तुझ्याकडे ती फिरकलीच नव्हती."

मामीने हातातलं खोकं खाली ठेवलं. "मग माझ्याकडे कोण होतं?"

५

मैदानात दुसरं कुणी नव्हतं. बाकीची सगळी जॅकेटं खुंटीवर होती, हे इंजिनिअरच्या नोंदीतच होतं. इंजिनिअर तसा साधा मुलगा. डोळ्याखाली काळं, हातात कायम बिस्किटाचा पुडा. मला बघून त्याने पुडा पुढे केला.

"बिस्किट नको. मला सांग, हिरवा दिवा लागलाय पण डबी गाड्यांना हाक मारत नाही, असं होतं का?"

"शक्यच नाही."

"आणि डबी कुठे आहे ते तुमच्या मशीनला कळतं?"

"नाही. डबी फक्त ओरडते, मी जागी आहे. ज्या गाडीला ऐकू येईल ती थांबते. पातळ भिंत असली तरी पलीकडे ऐकू जातं." तो चावता चावता थांबला. "एक मिनिट. हिरवा दिवा लागून हाक न मारणारी एक डबी आहे. ट्रेनिंगच्या जॅकेटातली. ती नकलीच असते. नवीन पोरं दिवसभर जॅकेट घालून-काढून बघतात, खरी असती तर शेजारच्या गाड्या सारख्या अडल्या असत्या."

"शेजारच्या म्हणजे?"

"ट्रेनिंगरूमच्या भिंतीपलीकडे स्टेशन एकच आहे ना."

 त्याचं बिस्किट तुटून खाली पडलं, ते त्याला कळलंही नाही.

"मी मूर्ख," तो म्हणाला. "मी तिथे जमीन पुसत बसलो होतो."

"मूर्ख नाहीस. पण हे आत्ता कुणाला बोलू नकोस. चौकशीत मी विचारेन तेव्हा बोल."

"बोलेन," तो म्हणाला. पडलेला तुकडा उचलून त्याने पुडा परत माझ्यापुढे केला. मग मी एक बिस्किट घेतलं.

मास्तर ट्रेनिंगरूममध्ये खुर्च्या लावत होते. नव्यांना शिकवणारे म्हणून मास्तर, मूळचे पोस्टातले. खोलीत भिंतीला एक खुंटी, तिच्यावर ट्रेनिंगचं जॅकेट. कोपऱ्यात प्रथमोपचाराचा पुतळा, आणि त्याच्यामागे उभं करून ठेवलेलं स्ट्रेचर.

"हे इथे असतं?"

"नेहमी. शिकवायला लागतं ना. त्या दिवशी मॅडमनी इथूनच नेलं. आम्ही सगळे अंगणात होतो."

"मास्तर, त्या दिवशीच्या वर्गात काही वेगळं झालं?"

मास्तर विचारात पडले. "वेगळं काही नाही. हां, बाण पुसला गेला होता."

"कसला बाण?"

"नवीन पोरांचं लक्ष कुठे असतं! दिवा बघा म्हटलं तर खिसा बघतात. म्हणून मी डबीवर दिव्याकडे लाल बाण काढून ठेवलाय, माझ्या मार्करने, न पुसणाऱ्या. त्या दिवशी बघतो तर बाण गायब. म्हटलं, न पुसणारा म्हणून विकतात आणि पुसला जातो, काय हा माल! परत काढला."

मी तिथल्याच एका खुर्चीवर बसले. 

"मास्तर," मी म्हटलं, "असा बाण तुम्ही किती डब्यांवर काढलाय?"

"किती म्हणजे? माझ्याकडे डबी एकच आहे."

६

चौकशी काचेच्या खोलीत बसली. मॅनेजर मध्ये, एका बाजूला सेफ्टी मॅडम आणि चल-चल, दुसऱ्या बाजूला मास्तर, इंजिनिअर आणि मी. टेबलावर तपकिरी कागदाची पिशवी, तिच्या तोंडावर लाखेचा शिक्का. आत सात नंबरचं जॅकेट.

"मॅडम," मी सुरुवात केली, "हे जॅकेट पिशवीत कुणी घातलं?"

"मीच." मॅडमचा आवाज नेहमीसारखा गोड. "मीच काढलं, मीच पिशवीत घातलं, मीच शिक्का मारला. माझ्याशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही. पुराव्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे."

"छान. लिहून घ्या हो कुणीतरी," मी म्हटलं. "आता ट्रेनिंगचं जॅकेट आणवा."

"त्याचा काय संबंध?" मॅनेजर म्हणाला.

"असला तर दिसेल, नसला तर मला हाकला."

जॅकेट आलं. मास्तरांनी आपल्या बाणाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मग त्यांनी ट्रेनिंगच्या जॅकेटातली डबी बाहेर काढली. तिच्यावर लाल बाण.

"बाण इथे असायलाच हवा," मॅनेजर म्हणाला. "यात विशेष काय?"

"आता पिशवी फोडा."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण चल-चलने तोवर शिक्का तोडलासुद्धा. घाईचा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. त्याने सातच्या खिशातली डबी काढली, उलटी केली, आणि टेबलावर ठेवली.

तिच्यावरही लाल बाण होता.

"हा माझाच," मास्तर पुटपुटले. "हा नवा. शेपूट जरा वाकडं आलं होतं, मला आठवतंय. पण ही तर खरी डबी आहे. ही माझ्या वर्गात कशी?"

"मी सांगते," मी म्हटलं. उभी राहिले, कारण बसून मला बोलताच येत नाही. "त्या सकाळी कुणीतरी दोन डब्यांची अदलाबदल केली. नकली डबी धाकटीच्या जॅकेटात गेली. हिरवा दिवा लागला, शेजारी मास्तरांचा जुना बाणही होता, तो तिने बघितला आणि मला हॉस्पिटलमध्ये सांगितला. खरी डबी गेली ट्रेनिंगरूममध्ये. मास्तरांना बाण दिसला नाही, म्हणून त्यांनी नवा काढला. पोरं जॅकेट घालत होती, टांगत होती. चालू, बंद, चालू, बंद. तो खेळ माझ्या बहिणीचा नव्हता, वर्गाचा होता. म्हणूनच भिंतीपलीकडे मामीकडे सावली पडत होती आणि उठत होती. आणि धाकटी आत गेली तेव्हा तिच्या छातीवर हाक न मारणारी डबी होती. गाडीला ती दिसलीच नाही. कुठल्या चुंबकाच्या गोष्टी सांगताय तुम्ही?"

"इंजिनिअर?" मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं.

"बरोबर आहे सर," इंजिनिअर म्हणाला. "सगळं जुळतं. मला आधीच कळायला हवं होतं."

"पण हे केलं कुणी?" मॅनेजर चल-चलकडे वळला. चल-चल पांढरा पडला.

"त्यांच्याकडे बघू नका," मी म्हटलं. हे वाक्य कधी माझ्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. "मीही आधी त्यांच्यावरच टपले होते. पण वर्ग त्या सकाळी यांनीच लावला. डबी तिथे लपवलेली माहीत असती, तर लावला असता का? आणि स्टेशन एक अडलं म्हणून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडत होते ते. इंजिनिअर तिथेच जमीन पुसत होता. त्याला माहीत असतं तर कशाला पुसली असती? मास्तरांनी तर बाण परत काढला आणि तो आपणहून मला सांगितला. डबी बदलणाऱ्या माणसाला त्या सकाळी वर्ग आहे हेच माहीत नव्हतं. जो माणूस पाहुण्यांबरोबर इथे वर बसला होता, त्याला."

चल-चलने मॅडमकडे मान वळवली.

"आणि अपघातानंतर डब्या परत जागच्या जागी गेल्या. म्हणजे कुणीतरी धाकटीच्या अंगावरचं जॅकेट घेऊन ट्रेनिंगरूममध्ये गेलं, खोली रिकामी असताना. स्ट्रेचर तिथेच असतं, नाही का मॅडम? मी बघत होते तुम्हाला. जॅकेट तुमच्या हातावर होतं. त्यानंतर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, नाकारतील, ओरडतील. तसं काही झालं नाही.

"सकाळी जॅकेटं तपासते तेव्हाच बदलली. एका दिवसापुरतं," त्या म्हणाल्या. "पाहुणे होते. ती कडेकडेनेच जाते, लक्ष देऊन चालते, मला वाटलं काही होणार नाही. थांबे वाढले की मला जाब विचारतात. कमी झाले की शाबासकी. आत माणूस होता की नव्हता, ते कुणी कधी विचारलं नाही मला."

"मी विचारतेय," मी म्हटलं. "ती होती आत. आणि नंतर तुम्ही तिच्या उशाशी बसून तिला सही कर म्हणत होतात. फुलं घेऊन!"

मॅडम रडायला लागल्या. मला दया आली नाही, असं नाही. आली. पण राग त्याहून मोठा होता, आणि मी तो गिळला नाही.

७

आता गोष्ट इथे संपायला हवी. मॅनेजरलाही तसंच वाटत होतं.

"ठीक आहे," तो हात चोळत म्हणाला. "गैरसमज दूर झाला. आपण याला तांत्रिक गोंधळ म्हणू. मॅडमची बदली करू. तुमच्या बहिणीनेही जरा बघून चालायला हवं होतं, तेव्हा दोन्हीकडची थोडी-थोडी चूक, अशी नोंद करू. उपचाराचं मी वर विचारतो. ही गोष्ट या खोलीबाहेर मात्र जायला नको."

"दोन्हीकडची?"

"व्यवहाराने घ्या, ताई."

"आणि तो दारावरचा स्क्रीन?"

"त्याचा काय संबंध?"

याच माणसाने तो लावला होता. मॅडमनी डबी बदलली हे खरं, पण माणूस आत गेला की लाल आणि नाही गेला की हिरवा, हे कुणी ठरवलं? मी त्याच्याशी वाद घातला नाही. वकीलबाई वाद न घालता उठली, हे बघूनच चल-चल घाबरला असावा.

मी जिना उतरले, स्टेशन चारवरून सरळ जाळीच्या दाराशी गेले आणि खुंटीवरचं एक जॅकेट काढून अंगात घातलं. हिरवा दिवा लागला. आधी डबी खरी आहे ना बघून घेतली, बाण नव्हता. मग जाळीला टेकून उभी राहिले. समोरच्या गाड्या थांबल्या.

"सावली!" शेजारची ओरडली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काय गं, काय झालं?"

मी सांगितलं. मोठ्याने, सगळं, त्या खोलीबाहेर जायला नको होतं तेच. तिने ऐकलं, हातातलं खोकं ठेवलं आणि दुसरं जॅकेट काढलं. पुढचीनेही काढलं. गोष्ट स्टेशनवरून स्टेशनवर पोचत गेली, माझ्यापेक्षा भराभर. पलीकडच्या दाराशी मामीने एक घातलं, ते तिला पोटावर बसेना, ते तसंच उघडं सोडून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मास्तर खाली आले, त्यांनीही घेतलं. इंजिनिअर जिन्यावर घुटमळला, वर बघितलं, खाली बघितलं, बिस्किटाचा पुडा खिशात कोंबला आणि आला. आम्ही जाळीच्या कडेने पांगलो, एकेक जण एकेका बाजूला.

मैदानातल्या गाड्या थांबत गेल्या. कडेच्या आधी, मग मधल्या.

मॅनेजर काचेला नाक लावून उभा होता. फोनवर बोलत होता, हातवारे करत होता. चल-चल धावत माझ्याकडे आला. "अहो चला, चला, काय लावलंय हे! नियमात बसतं का?"

"जॅकेट घातल्याशिवाय स्टेशन सोडून जाळीपाशी उभं राहू नये, हाच नियम आहे. तुम्हीच वाचून दाखवता रोज."

 खुंटीवर एक जॅकेट उरलं होतं. त्याकडे त्याने बघितलं. घातलं नाही, पण परत वरही गेला नाही. तिथेच एका खोक्यावर बसला. त्याला बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

दारावरचा स्क्रीन लाल झाला होता आणि आकडा वाढतच होता.

मॅनेजर शेवटी खाली आला. काय हवंय ते मी त्याला सांगितलं: धाकटीची चूक नाही असं सगळ्यांसमोर सांगायचं, तिचा पाय पूर्ण बरा होईपर्यंतचा उपचार, आणि तो स्क्रीन उतरवायचा. तो म्हणाला, स्क्रीन त्याच्या हातात नाही. मी म्हटलं, शिडी आहे आमच्याकडे.

तो परत फोन करायला गेला. मी धाकटीला फोन लावला.

"सही करू का गं?" तिने उचलताच विचारलं. "मॅनेजरचा माणूस बसलाय इथे, कागद घेऊन."

"त्याला म्हणावं, कागद घडी करून खिशात ठेव. तुझी चूक नव्हती. सगळं सापडलं. तिकडे आल्यावर सांगते."

पलीकडे कागद घडी केल्याची खरखर ऐकू आली. मग ती म्हणाली, "ताई, तू कुठे आहेस? गोदामातून बोलतेयस ना? मग मागे आवाज कसा नाही?"

"सावली पडलीय."

"कुठल्या स्टेशनवर?"

मी फोन कानावरून काढला आणि मैदानाकडे धरला. हॉलच्या त्या टोकाहून मामीने घसा खरवडला, आणि मग तिच्यापाठोपाठ सगळ्यांनी एकदम आवाज दिला.